किलोचा भाव आणि वाटीचा भाव

कोल्हापूरला राजारामपुरीत मी मेस चालवते. दसऱ्याला 26 मेंबर होते, आता 27 आहेत. सत्ताविसावा कसा आला ते पुढं सांगते. निम्मी पोरं-पोरी शिवाजी विद्यापीठातली, काही स्पर्धा परीक्षेसाठी खोली करून राहिलेली, दोघं बँकेतले आणि एक निवृत्त मास्तर. आमटी पातळ झाली तरी मास्तर बोलत काही नाहीत, नुसतं वाटीकडं बघतात. सांगायचं एवढंच की किराणा माझ्यासाठी घरचा बाजार नाही, धंद्याचा माल आहे. किलोमागं दोन रुपये इकडंतिकडं झाले तर महिनाअखेरीला ते मला दिसतात.

आमच्या थोरल्याचं वर्षभर एकच टुमणं. "आई, त्या मोठ्या दुकानात सगळं एमआरपीपेक्षा कमी मिळतंय आणि तू अजून लक्ष्मीपुरीत शेटच्या दारात बसून डाळ चावून बघतीस. महिन्याला तीन-चार हजार सहज वाचतील." शेवटी 2025 चा दसरा झाल्यावर म्हटलं, बघूया. तीन महिने दोन्हीकडनं माल आणला आणि पावत्या वहीत चिकटवल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. असली स्वस्त दुकानं आता बरीच झालीत आणि सगळ्यांची तऱ्हा साधारण सारखीच. शिवाय खाली दोन-तीन तक्रारी आहेत, आणि मला त्याच रस्त्यानं जायचं-यायचं असतं.

स्वस्त किराण्याचं तसं कोल्हापूरला नवल नाही. आमच्याच राजारामपुरीत एका चौकाचं नाव जनता बझार आहे, सहकारी ग्राहक भांडारावरनं पडलेलं. शेतकरी सहकारी संघ तर 1939 चा. सासूबाई चहा आणि साबण संघाच्या भांडारातनंच आणायच्या, दुसरीकडचा साबण हातात घेतला की वास घेऊन परत ठेवायच्या. पण तिथं काउंटरच्या पलीकडं माणूस उभा असायचा आणि तुम्ही मागाल तेवढंच द्यायचा. आता काउंटर गेला आणि हातात ट्रॉली आली. फरक तिथनं सुरू होतो.

पहिली फेरी दिवाळीच्या आधीच्या रविवारी केली, ती चूक. आत जाताना दारातल्या पोरानं माझ्या बाजाराच्या पिशवीला प्लास्टिकची पट्टी आवळली. आतमध्ये होतं काय, तर गिरणीतनं आणलेलं पीठ. तेवढ्यावरनं मी निम्मी चिडूनच आत गेले. बिलाच्या रांगेत पन्नास मिनिटं. यादीत 14 वस्तू होत्या, ट्रॉलीत निघाल्या 23. एक कॅसरोल, फराळाचे दोन झारे, पायपुसणी, आणि एकावर एक फ्री म्हणून नूडल्सची पाकिटं. माझ्या मेसमध्ये नूडल्स कोण खाणार? थोरला म्हणाला, "राहू दे गं, खाऊया." त्या महिन्यात किराण्याला नेहमीपेक्षा 1,150 रुपये जास्त गेले. यात दुकानाचा दोष धरत नाही, हात माझाच होता. पण त्यांनी कॅसरोल तांदळाच्या वाटेवर मांडून ठेवलाय, आणि तो काही विसरून ठेवलेला नाही.

आता मुद्द्याचं. तूरडाळ.

त्यांची पाकिटातली डाळ 112 रुपये किलो होती. लक्ष्मीपुरीतले शेट मला फटका प्रतीची तूरडाळ 126 नं देतात. किलोमागं 14 रुपये. मला महिन्याला 30 किलो लागते, म्हणजे 420 रुपये वाचले असं कागदावर दिसतं. डाळ दिसायलाही झकास, पिवळीधमक, एक खडा नाही, साल नाही. पहिल्या दिवशी नेहमीसारख्या चार शिट्ट्या काढल्या. कुकर उघडला तर पाणी वर आणि डाळ खाली, प्रत्येक दाणा आपापल्या जागी. आणखी तीन शिट्ट्या. रवीनं घोटली, तरी मिळून येईना. आमटी ताटात वाढली की पाणी एकीकडं पळायचं आणि दाणे भाताच्या कडेला राहायचे. त्या दिवशी मास्तरांनी वाटीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

मग मी मोजायला बसले. मेसमध्ये किलोचा भाव कामाचा नाही, वाटीचा भाव काढावा लागतो. शेटच्या एका किलोत माझ्या पळीनं 34 वाट्या आमटी होते. डाळ फुलते, घोटली की पाणी धरते. त्या पाकिटातल्या किलोत कशाबशा 28 झाल्या. म्हणजे 112 वाल्या डाळीची वाटी पडली 4 रुपयांना आणि 126 वालीची 3 रुपये 70 पैशांना. शेटच्या 30 किलोला मी 3,780 रुपये देते. तेवढ्याच वाट्या भरायला ही डाळ साडेछत्तीस किलोच्या आसपास लागली असती, त्याचे झाले 4,080. वर जादा शिट्ट्यांचा गॅस, आणि माझा सिलिंडर व्यावसायिक, 19 किलोचा, घरच्या दराचा नव्हे.

शेटना सांगितलं तर हसले. म्हणाले, "वैनी, जुनी डाळ असणार. डाळ उन्हाळा-पावसाळा गोदामात राहिली की घट्ट होते, मग कितीबी शिजवा. त्यात नवी-जुनी एकत्र झाली असंल तर निम्मी गळती आणि निम्मी तशीच ऱ्हाती." म्हणूनच मी दाणा दाताखाली धरून बघते. नवी डाळ कशी तुटते आणि जुनी कशी, हे जिभेला कळतं, ते लिहून सांगता येत नाही. आणि सीलबंद पाकिटातला दाणा चावून बघता येत नाही, माझी खरी अडचण ती आहे.

मीही कोल्हापूरची. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात ती आमटी घातली आणि थेट दुकानात गेले. या वेळी पिशवीला पट्टी लावू दिली नाही, म्हटलं, सांडंल. ग्राहक काउंटरवर एक पोरगा होता, असेल सव्वीस-सत्तावीसचा. डबा उघडून समोर ठेवला. "बाळा, ही बघ तुमची डाळ. सात शिट्ट्या काढल्यात. चमच्यानं दाबून बघ, मऊ झाली असंल तर आलो तशी परत जातो." त्यानं खरंच दाबून बघितली. मग इकडंतिकडं बघून एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, डाळ कच्ची हाय, पण फोडणी लई भारी हाय." उरलेली सहा पाकिटं पावती बघून परत घेतली, पैसेही दिले. वाद नाही, तोंड वाकडं नाही. मग हळूच विचारलं, "मेस कुठं हाय तुमची?" गडहिंग्लजकडचा पोरगा, इथं एकटा खोली करून राहतो. आता रोज रात्री साडेनऊला दुकान आवरून जेवायला येतो. तोच सत्ताविसावा.

त्याच्याकडनंच मला या स्वस्ताईचं गणित कळलं. कंपनीकडनं माल गाडीनं घ्यायचा आणि पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे कंपनी भाव कमी लावते. एका वस्तूचे दहा प्रकार ठेवायचे नाहीत, जे दोन-तीन जोरात खपतात तेच. सजावट नाही, घरपोच नाही, उधारी नाही, म्हणून बुडीतही नाही. हे मला चटकन पटलं. महिन्याचे पैसे आगाऊ देणाऱ्या मेंबरकडनं मीसुद्धा शंभर रुपये कमी घेते. फरक इतकाच की ही युक्ती साबणाला लागू पडते, कारण साबण सगळीकडं तोच. कंपनीनं वडी सील केली की ती लक्ष्मीपुरीत घ्या नाहीतर पुण्यात, फेस तेवढाच येणार. डाळीचं तसं नाही. डाळीचं पोतं बदललं की डाळ बदलते. खोटं कशाला बोलू, पुढच्या महिन्यात त्याच दुकानातली दोन किलो आणून बघितली तर ती चांगली निघाली, चार शिट्ट्यांत गळली. घरात चार माणसांना एवढी जोखीम चालते. 27 ताटं वाढायची असली की नाही चालत.

तेलाचं सांगते, कारण यात बऱ्याच जणी फसतात. एक लिटर तेल म्हणजे वजनानं साधारण 910 ग्रॅम. पूर्वी तेल ठरलेल्या मापातच भरावं लागायचं, मधे ती सक्ती गेली. आता फळीवर बघा, पिशव्या दिसायला सारख्याच, पण कुठली 910, कुठली 870, कुठली 840 ग्रॅमची. ऑफरच्या पाटीखाली 142 ची पिशवी होती आणि शेजारी ऑफर नसलेली 150 ची. बायका 142 च्या उचलत होत्या. मी चष्मा लावून बघितलं तर पहिली 840 ग्रॅम, दुसरी पुरी 910. किलोला पहिली पडते 169 आणि दुसरी 165. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात ग्रॅमचा दर छापलेला असतो, पण तो एमआरपीवर काढलेला. सवलतीच्या भावावर काढायचा असेल तर मोबाइल आपणच काढायचा. मी रांगेत तेच करते, मागची माणसं काय म्हणायचं ते म्हणोत.

डब्याचंही तेच. 15 किलोचा डबा वेगळा आणि 15 लिटरचा वेगळा. 15 लिटरमध्ये तेल भरतं 13 किलो 650 ग्रॅम. दोन दुकानांच्या भावात सव्वाशे-दीडशेचा फरक दिसला की आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि माझा स्वयंपाक सरकीच्या तेलावर, तर सरकीचा डबा त्यांच्याकडं तीनही महिन्यांत नव्हता. सूर्यफूल आणि सोयाबीनच्या भिंतीच्या भिंती. म्हणून तेल शेटकडंच राहिलं.

साखरेला मी हातच लावला नाही. या दुकानांचं मोठं आमिष म्हणजे साखर, दारातच ढीग आणि वर पाटी. मुंबई-पुण्यात चालत असेल. आमच्या जिल्ह्यात निम्म्या घरांत कुणी ना कुणी कारखान्याचा सभासद आहे. माझ्या भावाचा ऊस जातो, सभासदाची सवलतीची साखर त्याला मिळते, दिवाळीला त्यातलं एक पोतं माझ्याकडं येतं. गुळाचंही तसंच. दिवाळीच्या पाडव्याला जिथं मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो, त्या गावात मी अर्ध्या किलोच्या प्लास्टिक डबीतला गूळ घेऊ? तिखटाच्या पाकिटांबद्दल तर बोलायलाच नको. वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली असते.

जोंधळ्याचं तयार पीठ एकदा आणलं, मेसमध्ये कामाला असलेल्या मावशींना बरं वाटलं नव्हतं म्हणून. भाकरी थापतानाच कडा फुटायला लागल्या. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, मग उकळतं पाणी घाला नाहीतर काही करा. पाकिटावर तारीख बघितली तर दळून अडीच महिने झालेले. मुदतीच्या आत होतं, म्हणून तक्रार केली नाही. त्या पिठाची धिरडी करून संपवली. पोरांना आवडली, उलट "परत कधी" म्हणून विचारत होती.

आता चांगलं तेवढं मोकळ्या मनानं सांगते. साबण, भांडी घासायच्या वड्या, फिनेल, पेस्ट, चहापत्ती, अगरबत्ती, पापड, डबे गुंडाळायचा फॉइल, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. दरवेळी एमआरपीपेक्षा खाली, कधी दहा टक्के, कधी त्याहून जास्त. कोपऱ्यावरचे अण्णा या वस्तू छापील भावातच देतात, त्यांनाच कमी सुटत नाही तर ते तरी काय करणार. मात्र एक हिशोब वेगळा ठेवा. अंगाचा साबण, शाम्पू, पेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी 2025 च्या 22 सप्टेंबरपासून 18 वरनं 5 टक्क्यांवर आला. माझी नणंद ऑक्टोबरभर सांगत होती, "दुकान लई स्वस्त झालंय." त्यातलं बरंचसं स्वस्त सगळीकडंच झालं होतं. डाळ-तांदळाचं उलटं आहे. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटांवर 5 टक्के कर लागतो, सुट्ट्या मालावर नाही. शेट पोत्यातनं मोजून देतात ते त्यात येत नाही.

पोह्यांवरनं एकदा गंमत झाली. फळीवर 48 ची पाटी, बिलात 55 लागले. दहा पाकिटं होती म्हणजे 70 रुपये. घरी आल्यावर पावती वहीत चिकटवताना लक्षात आलं. थोरला म्हणाला, "सत्तर रुपयांसाठी परत जाणार?" गेले. पाटी जुन्या ऑफरची होती, काढायची राहिली होती. वीस मिनिटं उभी राहिले आणि फरक घेतला. तेव्हापासून बिल होताना मी पडद्याकडंच बघते. बिल करणारी पोरगी आता मला ओळखते. मी आले की जरा सावकाश करते.

अण्णांविषयी न लिहून चालणार नाही, नाहीतर ते वाचतील आणि बोलणार नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा राजारामपुरीत पाणी नव्हतं, पण शिरोलीकडं हायवे बंद, बाहेरनं काही येईना, दूध नाही, पेट्रोल नाही. नऊ पोरं माझ्याकडं अडकलेली, गावाकडं जाता येईना. अण्णांनी दुकानाचं निम्मं शटर वर ठेवून सगळ्यांना मापात माल दिला, घराला दोन किलो तांदूळ आणि एक किलो डाळ. मला मेस म्हणून वेगळं दिलं आणि खात्यावर लिहिलं. भाव तोच होता. हे सांगतानाच हेही सांगते की त्याच अण्णांनी मला पोरकिडे झालेला रवा दोनदा दिलाय, आणि ओरडल्यावरच बदलून दिलाय. मी त्यांच्याकडं जाते ते पुरामुळं नाही. पहाटे साडेपाचला मीठ संपलं तर ते उघडे असतात म्हणून जाते.

वहीतला हिशोब असा. पहिल्या महिन्यात 1,150 जास्त गेले, ते वर सांगितलं. दुसऱ्या महिन्यात डाळ परत केली, यादीबाहेरचं काही घेतलं नाही, तेव्हा रिक्षा वजा जाता 390 वाचले. तिसऱ्या महिन्यात यादी छाटून फक्त कंपनीच्या सीलबंद वस्तू ठेवल्या आणि वाचले 870. थोरल्याच्या तीन-चार हजारांपासून बरंच लांब आहे, पण 870 म्हणजे माझ्या मावशींची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. सोडायचे कशाला?

घरात दोघं-तिघं असाल आणि दुकान वाटेवर असेल तर महिन्यातनं एकदा जा. मुद्दाम रिक्षा करून जाणार असाल तर हजाराच्या आतल्या खरेदीसाठी जाऊ नका, सुटणार नाही. एक ते दहा तारीख टाळा, पगाराची गर्दी असते. मी मंगळवारी दुपारी तीनला जाते, जेवणाची भांडी घासून झाली की. पावणेचारपर्यंत बाहेर. घरची पिशवी न्या, तिथली विकत घ्यावी लागते. थोरल्याला सोबत नेत नाही.

जानेवारीची यादी फ्रीजवर लावलीय: भांड्याच्या वड्या 20, चहापत्ती 3 किलो, फिनेल, फॉइलचे चार रोल, पोहे 10 पाकिटं, पाटी बघून. खाली थोरल्यानं पेनानं लिहून ठेवलंय, कॅसरोल बदलून आणणे. दिवाळीत आणलेल्याचं झाकण पंधरा दिवसांत निखळलं. पावती वहीत आहे.